पाणी कमी झाले, ते गेले कुठे?

अनेक मोठ्या औद्योगिक इंकजेट छपाई यंत्रांत शाईच्या टाक्यांखेरीज आणखी एक छोटी टाकी असते. तिच्यात शीतक असते, म्हणजे बहुधा पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण. टाकीवरील कमाल आणि किमान या दोन खुणांच्या दरम्यान त्याची पातळी राखायची असते. काम साधे दिसते. परंतु पातळी उतरली याचा अर्थ काय, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सुमारे १४० वर्षांत पार बदलले आहे.

कार्ल बेंझ यांनी १८८६ साली पेटंट घेतलेल्या मोटारगाडीत इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफेच्या रूपाने निघून जात असे. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन बेंझच्याच गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. सुमारे १०० किलोमीटरच्या त्या वाटेवर त्यांना पुनःपुन्हा पाणी भरावे लागले. हा बिघाड नव्हता. पाणी गमावणे हीच थंड राहण्याची रीत होती. हिशेब करून पाहू. १ किलोग्रॅम पाणी २० अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापताना सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता घेते. त्याच पाण्याची १०० अंशांना वाफ होताना सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात; म्हणजे जवळजवळ सातपट! उपाय प्रभावी खरा, पण गाडीला सतत तहान लावणारा.

१९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. हवेच्या झोताने निवलेले पाणी त्यातून पुन्हा इंजिनाकडे जाई. पाणी आता खर्च होईना. ते उष्णतेचे ओझे वाहणारे हमाल बनले.

थंडीत हे पाणी गोठे. त्यावर एथिलीन ग्लायकॉल कामी आले. फ्रेंच रसायनज्ञ वुर्ट्झ यांनी ते १८५० च्या दशकातच बनवले होते. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १९७ अंश; मात्र विशिष्ट उष्मा पाण्याच्या निम्म्याहून थोडीच अधिक. म्हणूनच रोल्स-रॉइसच्या मर्लिन विमान-इंजिनात सुरुवातीला वापरलेले शुद्ध ग्लायकॉल सोडून पुढे ७० टक्के पाणी व ३० टक्के ग्लायकॉल असे मिश्रण दाबाखाली वापरण्यात आले.

छपाई यंत्रात हाच वारसा आला आहे. शाई तापली की पातळ होते आणि थेंबाचा आकार व वेग बदलतो. शाई वाळवणारे अतिनील एलईडी दिवेही बरीच वीज उष्णतेत घालवतात. ही उष्णता शीतक बंद नळ्यांतून वाहून नेते. पातळी फार उतरली तर पंप हवा ओढतो, प्रवाह तुटतो आणि दिवे तापतात.

म्हणून नुसती टाकी भरून भागत नाही. गळती असेल तर पाणी व ग्लायकॉल दोन्ही गेलेले असतात. तेथे केवळ पाणी ओतल्यास मिश्रण विरळ होते. सावकाश बाष्पीभवन झाले असेल तर मुख्यतः पाणीच गेलेले असते. तेथे मिश्रण ओतल्यास ग्लायकॉलचे प्रमाण वाढते. बेंझच्या गाडीत उतरती पातळी यंत्र निवत असल्याची खूण होती. बंद परिपथात ती चौकशीची सूचना आहे. आम्हाला वाटते, बाष्पीभवनाचा धडा शिकवताना हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा : पातळी उतरलीच, तर आत काय ओतावे आणि का?