डाव्या कोपऱ्यातला इराणी

३० मे २०१८. मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव चालू होता आणि ‘यू मुंबा’ने फझल अत्राचली या इराणी खेळाडूवर एक कोटी रुपये लावले. कबड्डीच्या लिलावात कोटीचा आकडा गाठणारा हा पहिला खेळाडू. (त्याच लिलावात पुढे हरियाणाच्या संघाने मोनू गोयतला दीड कोटीच्या वर नेलं. पण पहिला तो पहिलाच.)

यातल्या दोन गोष्टी तेव्हा डोक्यात बसल्या त्या अजून गेलेल्या नाहीत. एक म्हणजे मुंबईचं नाव लावणाऱ्या संघाने तिजोरी उघडली ती परदेशी माणसासाठी. आणि दुसरी, जी मला जास्त मोठी वाटते : हा पैसा चढाईसाठी नव्हता, पकडीसाठी होता. आमच्याकडे शहापूर-मुरबाडच्या सामन्यांत लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं जातं ते चढाईवाल्याचं. मध्येच कोणीतरी खूश होऊन शंभराची नोट लावतो, तीही त्याच्याच चढाईवर. कोपऱ्यातला पोरगा म्हणजे काय, असतो आपला कोणीतरी!

माझे मुरबाडचे मामा म्हणाले, “एक कोटीचा कोपरा? मग मधल्या पाच जणांनी काय टाळ वाजवायचे?” मामा टोकावड्याच्या अलीकडच्या गावातले. जुन्या ‘हुतूतू’तले गडी. टीव्हीवर कबड्डी आली की ते एकही सामना सोडत नाहीत, आणि एकाही सामन्यावर खूश होत नाहीत. पण त्यांचा हा प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. तो समजायला आधी सात माणसं उभी कशी राहतात ते सांगायला हवं. (कबड्डीवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. हे आमच्या पुण्याच्या आणि न्यू जर्सीच्या भावंडांसाठी आहे.)

समोरचा गडी दम घालत आत येतो तेव्हा सात जण साधारण अर्धगोलात उभे असतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, मध्ये मध्यरक्षक, आणि त्यांच्या अधेमधे बाकीचे. शेजारशेजारचे एकमेकांचे हात धरतात. ही साखळी. जुन्या पद्धतीत, निदान आमच्या पट्ट्यात मी जी पाहत मोठा झालो तीत, पकड सुरू व्हायची ती मधून. चढाईवाल्याला आत येऊ द्यायचं, खोल येऊ द्यायचं, आणि परत वळला की मधली साखळी दार लावल्यासारखी समोर आणायची. कोपऱ्याचं काम एवढंच की जागा सोडायची नाही आणि उगाच शहाणपणा करायचा नाही. मामांचं एक वाक्य आहे, “सात जणांनी हात धरायचे. एक हात सुटला की संघ सुटला.” हे वाक्य आमच्या घरात कबड्डी सोडून इतर बऱ्याच ठिकाणीही वापरलं जातं, पण असो.

या पद्धतीला कारण होतं, आणि माझ्या मते ते कारण जमिनीत होतं. भात काढून झालं की खाचर मोकळं होतं. ते सपाट करायचं, पाणी मारायचं, चोपायचं, चुन्याच्या रेषा मारायच्या. पौषात म्हशाची यात्रा होऊन गेली की पुढे उन्हाळाभर आज या गावाला सामने, उद्या त्या गावाला. पण कितीही चोपलं तरी ती मुरबाडची जमीन. खडा असतो, मुरूम असतो. तिथे घोट्यासाठी आडवी उडी मारायची म्हणजे कोपर आणि गुडघे सोलून घ्यायचे. रात्रीत तीन सामने खेळायचे असतील तर कोण मारणार उडी? उभ्याउभ्या दार लावणं स्वस्त पडतं. साखळी ही एकीची शिकवण वगैरे नंतर झाली. आधी ती कातडी वाचवण्याची सोय होती.

इथे जरा फुटबॉलकडे वळतो, कारण हीच गोष्ट तिकडे शंभर वर्षांपूर्वी घडून गेली आहे. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर पुढे चेंडू घेणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन जण असावे लागत, ते दोनवर आले. म्हणजे आक्रमण करणाऱ्याला एकदम मोकळं रान. लंडनच्या आर्सेनल संघाला हर्बर्ट चॅपमन हे नवे व्यवस्थापक नुकतेच मिळाले होते. ऑक्टोबर १९२५ मध्ये न्यूकॅसलने त्यांना ७-० असं धुतलं. चार्ली बुकन हा त्यांचाच खेळाडू आधीपासून सांगत होता की मधल्या फळीतला मधला माणूस मागे ओढा, बचावात तिसरा उभा करा. त्या पराभवानंतर चॅपमननी ते ऐकलं, आणि दोनच दिवसांनी आर्सेनलने वेस्ट हॅमला ४-० हरवलं. पुढे अनेक वर्षं जगभर फुटबॉल याच तीन बचावपटूंच्या मांडणीवर खेळला गेला. आधी नियम बदलला, मग मार बसला, मग मांडणी बदलली.

कबड्डीतही अगदी याच क्रमाने झालं. आधी मॅट आली. २००४ साली मुंबईत कबड्डीचा पहिला विश्वचषक झाला, २००७ चा पनवेलला, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली. (त्यानंतर सहाच दिवसांनी, १ ऑगस्टला, आमच्या ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. घरात त्या आठवड्यात कबड्डीचीच चर्चा जास्त होती!) लीगमध्ये चढाई तीस सेकंदांची. दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईवाला बाद. आणि तीन किंवा त्याहून कमी जण उरलेले असताना पकड केली तर एक गुण जास्तीचा.

यातला तिसऱ्या चढाईचा नियम सगळ्यात कळीचा. पूर्वी पुढे असलेला संघ नुसता आत जाऊन दम घालून परत यायचा. मध्यरेषेपलीकडे दोन पावलं, निदान रेषा ओलांडली की झालं, वेळ काढायचा. बचाव म्हणजे खरोखरच बचाव होता, कोणी अंगावर आलं तरच काम. आता काय झालं, बचाव करणाऱ्या संघालाच ठरवता येऊ लागलं की या गड्याला अंगावर कधी आणायचं. पहिल्या दोन चढायांना मागे सरायचं, हात लागू द्यायचा नाही, घाई करायची नाही. तिसऱ्या वेळी तो येणारच आहे, आणि गुण घ्यायला पाय किंवा हात लांब टाकणारच आहे. तो पाय जिथे पडतो तिथे कोपरा असतो. खाली मऊ मॅट, उडीची भीती नाही. कोपरारक्षकाने घोटा धरायचा आणि मग मधल्यांनी वरून येऊन पडायचं. म्हणजे क्रम उलटा झाला. पूर्वी साखळी दार लावायची आणि कोपरा कडी घालायचा. आता कोपरा झडप घालतो आणि साखळी मागाहून धावते.

यू मुंबाचा इतिहास या नजरेने बघा. २०१४ ला अंतिम सामन्यात जयपूरकडून हरले. २०१५ ला बंगळुरूला ३६-३० हरवून विजेते झाले. २०१६ च्या सुरुवातीच्या हंगामात पाटण्याकडून अंतिम सामना ३१-२८ असा निसटता गेला. या काळात लोकांच्या तोंडी नाव अनुप कुमारचं. शांत कर्णधार, बोनस घेण्यात वस्ताद. पण त्या संघाचा खरा पाया म्हणजे सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर हे दोन कोपरे, हरियाणा-दिल्लीच्या पट्ट्यातले. त्यांच्या आतल्या बाजूला जीवा कुमार आणि आपला विशाल माने. फझलही २०१५ ला त्या संघात होता, पण तेव्हा घराघरात त्याचं नाव झालं नव्हतं. मग २०१६ च्याच दुसऱ्या हंगामाला नाडा आणि छिल्लर दोघेही बंगळुरूला गेले. त्या हंगामात मुंबई उपांत्य फेरीत नाही, २०१७ ला बाद फेरीत नाही. अनुप कुमार तोच होता, कोपरे गेले होते.

म्हणून २०१८ चा बदल मला नुसती खरेदी वाटत नाही. संघाने प्रशिक्षक आणला तोही इराणी, घोलामरेझा माझंदरानी. कर्णधारपद दिलं फझलला, म्हणजे डाव्या कोपऱ्याला. उजव्या कोपऱ्यात धर्मराज चेरलाथन, वयाची चाळिशी पार केलेला अनुभवी माणूस. चढाईला मात्र कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई, ज्याच्यावर फझलच्या निम्म्याहूनही बरेच कमी पैसे लावले होते आणि ज्याने पहिल्याच हंगामात दोनशेहून जास्त गुण आणले. पैसा कोपऱ्यात लावायचा आणि चढाईत नवा पोरगा घालायचा, हे गणित तोपर्यंत उलटंच मांडलं जायचं. मुंबई त्या वर्षी बाद फेरीत पोचली. तिथे यूपीकडून हरली, हेही सांगायला हवं. चषक काही आला नाही.

पण त्याच वर्षी, लिलाव आणि हंगाम यांच्या मध्ये, ऑगस्टमध्ये जकार्ताला काय झालं ते आठवतं ना? आशियाई स्पर्धेत १९९० पासून कबड्डी आहे आणि पुरुषांचं सुवर्ण दर वेळी भारताचंच. उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ हरवलं. सामन्यात फक्त अठरा गुण! आणि त्या इराणी संघाच्या डाव्या कोपऱ्यात होता तोच फझल.

हे एका रात्रीत झालेलं नव्हतं. आकडे बघा. २००४ च्या मुंबईतल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपण इराणला ५५-२७ हरवलं. पनवेलला २९-२२. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत इंचेऑनला २७-२५, म्हणजे फक्त दोन गुणांनी. कुस्तीत मुरलेला देश आहे तो. पायाची पकड त्यांच्या अंगात आधीपासून होती, कबड्डीने तिला फक्त जागा दिली. जकार्तालाच दुसऱ्या दिवशी इराणच्या महिलांनीही आपल्या महिलांना अंतिम सामन्यात हरवलं, आणि त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. मामा त्या दिवशी दोनदा जेवायला उठले नाहीत. मला मात्र, खरं सांगतो, थोडं बरंच वाटलं होतं. आपल्या मातीतला खेळ दुसऱ्या कोणाला इतका आवडावा की त्यांनी तो आपल्यापेक्षा बारकाईने शिकावा, यात वाईट काय? वाईट आहे ते वेगळंच, आणि ते शहापूर-मुरबाडमध्ये दिसतं.

किन्हवलीकडचा माझा भाचा (मामांचा नातू नव्हे, आत्याकडचा) आता सतरा वर्षांचा आहे. चणीने बुटका, मांड्या जाड, डाव्या हाताचा. दहा वर्षांपूर्वी त्याला गावच्या संघात कोणी ‘बघू, राखीव ठेवा’ म्हटलं असतं. आज त्याला बघताक्षणी सगळे म्हणतात, लेफ्ट कॉर्नर. त्याच्यासमोर उदाहरणही जवळचं आहे, आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणचा गिरीश इरनक, डावा कोपराच, जो प्रो कबड्डीत वर्षानुवर्षं खेळला. मार्च २०२४ ला पुणेरी पलटण जिंकली तेव्हाही डाव्या कोपऱ्यात इराणचाच मोहम्मदरेझा शादलुई होता, दोन कोटी पस्तीस लाखांचा, आणि अंतिम सामना सुटला २८-२५ वर. पोरांना हे आकडे तोंडपाठ असतात. भाच्याला आठवड्यातून दोनदा मॅटवर सराव मिळावा म्हणून आसनगावहून लोकल धरून जावं लागतं, आणि आत्या डबा देते ते कुरकुरत का होईना, पण देते.

त्याचं भलं झालं. पण साखळीत आणखी एक जण असायचा. प्रत्येक गावच्या संघात असायचा. चढाईला वेग नाही, अंगात फार ताकद नाही, पण हात सोडायचा नाही. मामा स्वतः तसे होते. त्यांनी आयुष्यात बहुधा एकही पकड ‘स्वतःची’ म्हणून केली नसेल, आणि तरी त्यांच्या गावाचा संघ त्यांच्यावाचून उतरत नसे. आता निवड चाचणीला जाणाऱ्या पोराला विचारतात, तू कोण? रेडर, कॉर्नर की कव्हर? ‘मी हात धरतो’ या उत्तराला कागदावर रकाना नाही. मामांचा टाळ वाजवण्याचा प्रश्न हा त्या माणसाबद्दलचा होता, असं मला आता वाटतं. प्रशिक्षकांची यात चूक नाही. नियमाप्रमाणे मांडणी बदलणार, आणि मांडणीप्रमाणे माणसं. चॅपमनने तरी दुसरं काय केलं?

यंदा मामांच्या गावच्या सामन्यांना मॅट भाड्याने आणायची चर्चा होती. दोन बैठका झाल्या. शेवटी पैशावरून मागे पडलं, म्हणून खाचर चोपून मातीवरच सामने झाले. भाचा पाहुणा खेळाडू म्हणून आला होता. पहिल्याच चढाईला सवयीने घोट्यावर झेपावला, गडी आणला, आणि कोपर असं काही सोललं की मामींनी हळद आणून लावली. दुसऱ्या सत्रात मी बघतो तर तो शेजारच्या पोराचा हात घट्ट धरून उभा, आणि मधल्या चौघांची वाट बघतोय. कडेला खुर्ची टाकून बसलेले मामा पहिल्यांदा टाळ्या वाजवताना दिसले. सामना तीन गुणांनी गेला, ही गोष्ट वेगळी.