कस्तुरचंद पार्कवरचा प्रश्न

कोरीटच्या मुलांना घेऊन मी नागपूरला गेलो. सहलीच्या अर्जात ‘ऐतिहासिक स्थळे’ असे लिहिले होते. मुले बहुतेक भिल्लांची. दिवाळी झाली की यांचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात. दीक्षाभूमी पाहून आम्ही कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर आलो. मी सांगू लागलो : सर कस्तुरचंद डागा, मूळ बिकानेरचे घराणे, कामठीची बन्सीलाल अबीरचंद पेढी, सावकारी, हिंगणघाटची कापडगिरणी, बल्लारपूर-घुग्घुसच्या कोळसा खाणी. (‘सर’ ऐकून मुलांना वाटले, हेही मास्तरच.)

एका पोराने विचारले, “सर, शेठ खाणीत उतरायचे का?”

उतरणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला सांगता येईना. दात्याचे नाव मैदानाला मिळते, हजेरीपटावरचे नाव रद्दीत जाते. आणि आपण मास्तर लोक मैदानालाच स्थानिक इतिहास म्हणून शिकवत आलो. मग उतरलेल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरियाच्या कोळसा क्षेत्रात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. १९४४ च्या आरंभी खाणकामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला.

इथे थांबलो असतो तर सोपे झाले असते. पण स्त्रियांनी भूमिगत खाणीत काम करण्यावरची बंदी युद्धकाळात, १९४३ साली, उठली तीही याच खात्याकडून. टीका झाली. बाबासाहेबांनी कायदेमंडळात त्या निर्णयाचे समर्थन केले आणि स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल हे तत्त्व तिथे ठासून मांडले. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. आपल्या चळवळीत हा भाग फारसा बोलला जात नाही. बोलला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी बल्लारपूर. खाणी १९७३ साली सरकारच्या झाल्या, शेठ गेले. हे मी दोन वाक्यांत उरकले, कारण एक मुलगी कालपासून गप्प होती. ती म्हणाली, “त्या बायांची मजुरी त्यांच्या हातात पडायची का? आमच्यात आई-बाबा मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल बाबाला देतो.”

समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, एवढे मी तिला सांगितले. तिने वहीत साल लिहून घेतले आणि विचारले, “हे मुकादमाला माहीत आहे का?”