घर चांगलं आहे, हे कुणाला विचारायचं?

आज एक जुना प्रश्न घेऊन तुमच्याशी बोलायचं आहे. गटाच्या बैठकीत हप्ते जमा होतात, वहीवर सह्या होतात, आणि उठता उठता एखादी माय हळूच बोलते, "मी आहे तोवर ठीक हाय. माझ्या मागं माझ्या लेकीचं कोण बघंल?" लेक तीस वर्षांची असते. पण तिला आंघोळ घालायला, जेवू घालायला, दवाखान्यात न्यायला कुणीतरी लागतं. मग कुणी सांगतं, अमक्या शहरात एक आश्रम आहे, तिथं ठेवून घेतात. तेव्हा सगळ्यांच्याच मनात येतं, पण विचारत कुणी नाही: तो आश्रम चांगला आहे, हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न आपल्या राज्यात शंभर वर्षांहून जुना आहे. त्याचा इतिहास माहीत असला, तर आज काय विचारायचं ते आपल्याला कळेल.

आपला धाराशिव जिल्हा १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचा वेड्यांचा दवाखाना बराच काळ आपल्या मराठवाड्यातच, जालन्याला होता. १९५३ साली तो हैदराबादच्या एर्रागड्डा भागात गेला. इंग्रजांच्या मुलखात नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा इथं असे दवाखाने होते. ज्याचं डोकं फिरलं तो आणि ज्याची बुद्धी जन्मापासून कमी तो, असा फरक तेव्हा फारसा कुणी करत नसे. दोघंही एकाच भिंतीआड जात.

या दवाखान्यांवर देखरेख ठेवायला १९१२ सालच्या इंग्रजी कायद्यात सोय होती. प्रत्येक दवाखान्याला निदान तीन तपासनीस असावेत, त्यात एक डॉक्टर असावा. दर महिन्याला त्यांच्यातल्या किमान दोघांनी सगळा दवाखाना फिरावा आणि जमेल तितकं प्रत्येक माणसाला पाहावं. नियम वाचायला चांगला वाटतो. पण त्याच कायद्यानं तुरुंगांचा मुख्य अधिकारी हा पदामुळं आपोआप तपासनीस ठरत होता. तुरुंग सांभाळणारा माणूस तपासायला आला तर तो काय बघणार? कुलूप नीट आहे का, माणसं मोजून भरतात का, भिंत पक्की आहे का. तिथं राहणाऱ्या माणसाला 'तुला इथं कसं वाटतं' असं विचारणं, हे काही त्याचं काम नव्हतं.

हा कायदा थोडाथोडका नाही, ऐंशी वर्षं चालला. त्याच्या जागी १९८७ चा कायदा आला आणि १९९३ साली लागू झाला. त्यात तपासनीस पाच झाले आणि त्यांत दोन समाजसेवक असावेत असं ठरलं. म्हणजे तुरुंगवाल्याच्या शेजारी समाजसेवकाची खुर्ची यायला इतका काळ गेला. जो माणूस तिथं राहतो, त्याची खुर्ची मात्र अजून आलीच नव्हती.

ती नसल्यामुळं काय होतं, ते १९९४ साली साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पुणे जिल्ह्यात शिरूरला मतिमंद मुलींचं सरकारी वसतिगृह होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत तिथल्या दहाहून अधिक मुली-बायांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढली गेली. कारण सांगितलं गेलं की, पाळीच्या दिवसांत या मुलींना स्वतःची स्वच्छता ठेवता येत नाही. पुण्या-मुंबईच्या महिला संघटना रस्त्यावर उतरल्या आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या.

मैत्रिणींनो, त्या वेळचा वाद नीट समजून घ्या. शस्त्रक्रिया करणारे लपूनछपून करत नव्हते. आपण मुलींच्या भल्याचंच करतोय, असं त्यांचं म्हणणं होतं. वसतिगृह स्वच्छ राहील, कर्मचाऱ्यांचा भार हलका होईल, हे खरंही होतं. पण संघटनांनी साधा प्रश्न विचारला. पाळी आली की कपडा बदलायला शिकवणारी बाई का नाही? पुरेशी माणसं का नाहीत? माणसं कमी पडतात म्हणून मुलीच्या अंगातला अवयव काढायचा का? कागदावर वसतिगृह स्वच्छ दिसलं असतं, तपासनीसानं बरोबरची खूण केली असती. ती स्वच्छता कुणाच्या सोयीची होती आणि तिची किंमत कुणी मोजली, हे त्या खुणेत कुठंच दिसलं नसतं.

पुढं २००९ साली चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या एका मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या बाईच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं तर लिहूनच ठेवलं आहे की, मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार दिव्यांग व्यक्तीच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. कुणी 'ऑपरेशन करून टाका, कटकट जाईल' असा सल्ला दिला, तर हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट २०१० सालची. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या कवडास इथं मतिमंद मुलांचं एक खाजगी बालगृह होतं. तिथली मुलं उपासमारीनं दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. राज्यातली अशी बालगृहं पाहायला न्यायालयानं समिती नेमली, तिची धुरा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या एका प्राध्यापिकेकडं दिली. ही संस्था तुम्हाला नवी नाही, तिचं एक आवार आपल्या तुळजापुरात आहे. समितीची माणसं गावोगावच्या बालगृहांत गेली. २०११ साली नवी मुंबईजवळ कळंबोलीच्या एका बालगृहात गेली, तेव्हा तिथल्या मुलींवर होणारे अत्याचार उघडकीला आले. २०१३ साली सत्र न्यायालयानं संस्थेच्या चालकासह काही जणांना दोषी ठरवलं.

कागदपत्रं पाहून हे बाहेर आलं नसतं. बाहेरची माणसं आत गेली आणि मुलींपर्यंत पोचली, म्हणून ते बाहेर आलं. ज्यांना नीट बोलता येत नाही त्यांनाही सांगायचं असतं. ऐकणाऱ्याला वेळ द्यावा लागतो, खुणा समजून घ्याव्या लागतात.

आता चांगल्या बाजूचंही ऐका. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना तरुण वयात कमरेखाली लुळेपणा आला. त्या चाकाच्या खुर्चीवरून जग बघू लागल्या आणि १९८४ साली त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. जिला स्वतःला पायरी चढता येत नाही, तिनं वसतिगृह बांधलं तर ती आधी काय बघेल? दार खुर्ची जाईल इतकं रुंद आहे का, संडासात आधाराला दांडी आहे का, उतार धरून आपलं आपण बाहेर जाता येतं का. रंगरंगोटी नंतर. घर कुणासाठी आहे हे ज्याला अंगानं माहीत आहे, त्याची तपासणी अशी असते.

रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातही गेल्या काही वर्षांत एक वेगळी वाट निघाली. बऱ्या झालेल्या पण घरी न्यायला कुणी नसलेल्या बायका तिथं वर्षानुवर्षं पडून राहत. मूळ तामिळनाडूतल्या 'द बॅनियन' या संस्थेनं त्यांच्यासाठी साध्या वस्तीत घरं भाड्यानं घेतली. एका घरात चार-पाच जणी, सोबत मदतीला एक कार्यकर्ती. आज भाजी कुठली करायची, हे त्या ठरवतात. बाजारात जातात, शेजारणीशी बोलतात. यालाच आधारासह राहणं म्हणतात. मदत माणसाच्या दारापर्यंत येते, माणसाला मदतीसाठी भिंतीआड जावं लागत नाही. २०१६ च्या कायद्यानंही दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. अमुकच ठिकाणी राहा, अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

आणि ती खुर्ची? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तीही दिली. जिल्ह्यांसाठी जी पुनर्विलोकन मंडळं नेमायची, त्यांत दोन जागा आजारातून जाणारी माणसं, त्यांना सांभाळणारे किंवा त्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी यांच्यासाठी आहेत. १९१२ ते २०१७, म्हणजे एकशेपाच वर्षं लागली.

आता आपल्याकडं वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप सास्तूर-किल्लारीच्या पट्ट्यातली एकही बाई विसरणार नाही. सुमारे आठ हजार माणसं गेली, कितीतरी जणी माळवदाच्या मातीखाली गेल्या. नंतर घरांच्या दुरुस्तीचं काम निघालं, तेव्हा धाराशिव आणि लातूरच्या गावागावांत महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. कधी घराबाहेर न बोललेल्या बाया अनुदानाचा हप्ता, सिमेंट, भिंतीतला पट्टा याबद्दल घरमालकांना समजावू लागल्या, इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. त्यांनी घराची शोभा पाहिली नाही. पुन्हा जमीन हलली तर आतलं माणूस वाचेल का, हे पाहिलं. तपासणी म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना कुणी नव्यानं शिकवायला नको.

तीच नजर इथं लावा. एखाद्या संस्थेत लेकरू ठेवायचं असेल, तर आधी नोंदणीचा दाखला मागा. नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. मग न सांगता जा, जेवणाच्या वेळेला जा. 'आज भेटता येणार नाही' असं ऐकू आलं, तर तेही उत्तरच समजा. तिथल्या माणसांच्या अंगावरचे कपडे त्यांचे स्वतःचे आहेत, की ढिगातून मिळेल ते घालतात? नहाणीला दार आहे का? पाळीच्या दिवसांत मदतीला बाई आहे का? रात्री किती जणांमागं किती माणसं जागी असतात? पेन्शनचं पासबुक कुणाकडं आहे? मूल आजारी पडलं तर घरी कधी कळवतात? आणि तिथं राहणाऱ्या एकीजवळ तरी अर्धा तास बसा. ती बोलत नसेल तर बघा, कर्मचारी जवळ आला की ती हसते का आकसते.

कायद्यानं पालक नेमायचा असेल, तर बौद्धिक दिव्यांग, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांग व्यक्तींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. त्या समितीत एक दिव्यांग सदस्य असतो. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि पुढं दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. भावानं जमीन नावावर करून घेतली आणि बहिणीला गोठ्यात झोपवलं, अशा प्रसंगी हा हिशेब मागता येतो.

कारण मैत्रिणींनो, हे सगळे प्रश्न आपल्या घरालाही लागू आहेत. संस्थेत कुलूप दिसलं की आपण चिडतो. पण गावात एखाद्या घरी मागच्या खोलीत कुणी कोंडलेलं असतं, तेव्हा 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून पुढं जातो. सांभाळणारी आई चोवीस तास एकटी असते, ती दमते, कधी हातही उचलते. तिला दूषण देऊन काही होणार नाही. आठवड्यातून दोन दुपारी गटातल्या दोघींनी तिच्या लेकीजवळ बसायचं ठरवलं, तर ती माय दळण आणेल, घटकाभर झोपेल, आणि त्या घराला बाहेरची नजर मिळेल. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. तो यंदा कशावर खर्च झाला, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. आणि विचारायला जाताना त्या लेकीलाही सोबत न्या. ती ज्या घरात राहते, त्या घराबद्दल तिला विचारल्याशिवाय आपली तपासणी पुरी होत नाही.