सिद्दी, हबशी, शामल : नामाची शिवी होताना

मुरुडसमोरच्या जंजिऱ्याचे सत्ताधीश मराठी ऐतिहासिक साधनांत प्रामुख्याने तीन नावांनी येतात : सिद्दी, हबशी आणि शामल. पहिल्याचे मूळ 'सय्यिदी' या अरबी आदरार्थी संबोधनात सांगितले जाते. दुसरे हबश म्हणजे अबिसिनिया हा मूळ देश दर्शविते. तिसरे वर्णवाचक आहे. व्युत्पत्तीने यांपैकी एकही शिवी नाही. मग 'हबशी' ही शिवी झाली कशी?

१७३३ साली बाजीरावाने जंजिऱ्यावर मोहीम काढली. १७३६ मध्ये चिमाजी अप्पाशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. हे वैर तीव्र होते, परंतु ते प्रतिस्पर्धी सत्तेशी होते. अर्थात, राजकीय वैर वर्णाचा आधार घेतच नसे असे नव्हे. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर (मृत्यू १६२६) रणांगणावर आवरत नव्हता, तेव्हा जहांगीराने आत्मवृत्तात त्याला काळेपणावरून हिणवले. मात्र अंबरापाशी उत्तर द्यायला फौज होती.

१९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झाले. सत्ता गेली, शब्द उरला. आज 'हबशी' म्हटले जाते ते नवाबाला नव्हे. वर्गातल्या सावळ्या मुलाला किंवा लग्नाच्या बाजारात नाकारल्या जाणाऱ्या मुलीला. ऐतिहासिक विशेषनाम आपला विषय गमावून केवळ वर्णाच्या तिरस्कारावर जगते आहे. आणि ते 'थट्टा' म्हणून येत असल्याने ओळखू येत नाही.

म्हणून द्वेषोक्ती ओळखायला शिकवणे म्हणजे निषिद्ध शब्दांची यादी पाठ करून घेणे नव्हे. ऑस्टिनच्या भाषेत, उच्चार ही कृती आहे; तेव्हा तपासायची ती कृती. कोण, कोणाला, कोणादेखत बोलतो? रोख माणसाच्या वर्तनावर आहे की जन्मावर? ऐकणाऱ्याला प्रत्युत्तराची मुभा आहे काय? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानेही शब्दापेक्षा अपमानाचा हेतू आणि लोकांदेखत घडणे यांना महत्त्व दिले, हे लक्षणीय आहे.

उलट, कर्नाटकात उत्तर कन्नडमधील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो 'सिद्दी' याच नावाने. तेथे नाव हक्काचे साधन झाले. इतिहासाच्या तासाला ही तिन्ही नावे गाळण्याची गरज नाही. ती कोणाच्या तोंडी, कोणावर आणि कशासाठी येतात, हे विचारण्याची आहे.