गंजिफा आणि कोठी

अर्धापूर हे गाव नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले असून केशवराजाचे मंदिर, केळीच्या बागा आणि नागवेलीचे मळे यांसाठी ते पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. चित्रकलेच्या कोणत्याही इतिहासात त्याचे नाव आढळत नाही, आणि ते आढळावे असा आमचा आग्रहही नाही. तथापि या गावी बसून हाताने घडविलेल्या पत्त्यांचा, म्हणजे गंजिफांचा, विचार करू लागले की एक गोष्ट सहज ध्यानात येते. येथून पूर्वेस भोकर-भैंसामार्गे निर्मळला जाता येते, आणि त्या निर्मळचे नक्काश एके काळी गंजिफा रंगवीत असत. पश्चिमेस, मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला, दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मधोमध कागजीपुरा आहे, जेथील कागद शतकानुशतके दक्षिणेतील दप्तरांना पुरला. या दोहोंच्या मधल्या मुलखात चिंच आहे, कापूस आहे, अंबाडी आहे, आणि किनवट-माहूरच्या रानात, ज्यावर लाखेचा किडा पोसतो, तो पळसही आहे. पत्त्याला जे जे म्हणून लागते ते बहुतेक सारे याच मुलखात निपजते. आणि तरीही पत्ता जन्मतो तो ते सारे जेथे निवडून, वाळवून, वेळेवर हाती लागेल असे ठेवले जाते तेथेच. कलेचे इतिहासकार कुंचल्याचे गुणगान करतात आणि कोठीला विसरतात, ही आमची तक्रार आहे. गंजिफांचा वृत्तांत त्या तक्रारीला चांगला आधार देतो.

गंजिफा हा खेळ इराणाकडून मोगलांबरोबर या देशात रुळला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे. पुढे ज्या जोडाचा सर्वत्र प्रसार झाला तो शहाण्णव पत्त्यांचा: आठ रंग, प्रत्येक रंगात मीर, वजीर आणि एकापासून दहापर्यंतची साधी पाने. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश ही त्या आठ रंगांची नावे वाचताना आपण खेळाची यादी वाचीत आहोत की एखाद्या सरकारच्या खात्यांची फेरिस्त, असा संभ्रम पडतो. मुकुट आहे, रुप्याचे आणि सोन्याचे नाणे आहे, शस्त्र आहे, चाकरमंडळी आहे, वाद्य आहे. आणि त्यांच्या जोडीला बरात, म्हणजे खजिन्यावर काढलेली वरात, आणि किमाश, म्हणजे कोठीतला माल, हेही आहेत. राजाचे वैभव दाखवायचे तर त्याची तलवार जितकी दाखवावी तितकाच त्याचा कारकून आणि त्याचा साठाही दाखवावा, हे ज्या कोणास प्रथम सुचले तो राज्यकारभार जवळून पाहिलेला गृहस्थ असला पाहिजे.

अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त अकबर बादशहाच्या पत्त्यांचे जे वर्णन केले आहे, त्यात ही गोष्ट अधिकच ठळक होते. बरातीच्या रंगात बादशहा फर्माने आणि दप्तराची पाने न्याहाळीत बसलेला, वजिरापुढे दप्तर उघडलेले, आणि खालच्या पत्त्यांवर कागद बनविणारा, ओळी आखणारा, नोंदी करणारा, चितारी, नक्काश, जिल्दसाज आणि रंगारी. म्हणजे ज्यांच्या हातांनी पत्ता तयार व्हायचा तेच कारागीर पत्त्यावर विराजमान झाले होते. खेळणाऱ्या उमरावाने कागदवाल्यावर जिल्दसाज टाकून हात मारला, तेव्हा त्याच्या मनात त्या दोघांविषयी काही विचार आला असेल असे मानण्याचे कारण नाही; पण ज्याने ती चित्रे काढविली त्याला पत्त्यामागची माणसे ठाऊक होती, एवढे मात्र निश्चित.

महाराष्ट्रात गंजिफांनी दशावतारांचे रूप घेतले. दहा रंग, एकशेवीस पत्ते. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक वजीर, आणि पुढे मत्स्यासाठी मासा, वामनासाठी कमंडलू, परशुरामासाठी परशू अशी चिन्हे एकापासून दहापर्यंत मांडलेली. अर्ध्या रंगांत दहा मोठा तर अर्ध्यांत एक्का मोठा, आणि डावाची सुरुवात दिवसा रामाने तर रात्री कृष्णाने करावयाची, असा तो खेळ. सावंतवाडी संस्थानात तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात, या कलेला आश्रय मिळाला. तेलंगणातून शास्त्रचर्चेसाठी आलेल्या विद्वान ब्राह्मणांबरोबर ती तेथे पोहोचली, असे सांगतात. हे खरे असेल तर ते ब्राह्मण आमच्या या मुलखाच्या अंगणातूनच कधी तरी कोकणाकडे उतरले असतील, अशी कल्पना करण्यास हरकत नाही. पुरावा मात्र मागू नये.

आता एक पत्ता कसा होई ते जवळून पाहावे. वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचे तुकडे एकावर एक चिकटवावयाचे. चिकटविण्यास चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून त्यांची तांबडी टरफले काढावी लागतात, आतला पांढरा गर भिजवून वाटावा लागतो, आणि मंद आचेवर सारखा ढवळीत शिजवावा लागतो. जरा दुर्लक्ष झाले की गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या पुढे पत्त्याच्या पाठीवर फोडासारख्या उमटतात. खळ दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून ती साठवून ठेवता येत नाही. चिंचोके मात्र वर्षभर टिकतात. थर वाळला की त्यावर खडूचा लेप, पुन्हा वाळवण, आणि मग गुळगुळीत दगडाने घोटणे. घोटून घोटून पृष्ठभाग शंखासारखा झाला की गोल चकत्या कापावयाच्या, पुढील बाजूस रंग आणि चित्र, पाठीस लाखेचा तांबडा लेप. कडक ऊन असल्याखेरीज लेप नीट वाळत नाही आणि दमट हवेत चकती वाकडी होते, तेव्हा कोकणासारख्या प्रदेशात ही सारी पूर्वतयारी पावसाळ्यापूर्वी उरकून चकत्यांची चळत दडपणाखाली ठेवून देणे ओघानेच आले. आषाढात चितारी चित्र काढीत असेल तर ते वैशाखातल्या सांभाळणुकीच्या बळावर.

रंगांचे प्रकरण याहून नाजूक. हिंगूळ तांबडा, हरताळ पिवळी, काजळ काळे, नीळ निळी, जंगाल हिरवा, सफेदा पांढरा. यांतील हरताळ ही गंधकयुक्त असल्यामुळे तिचा शेजार जंगालाला किंवा शिशाच्या सफेद्याला मानवत नाही. एकत्र आल्यास काही काळाने रंग काळवंडतो. म्हणून करवंट्या वेगळ्या, कुंचले वेगळे, आणि ठेवण्याच्या जागाही वेगळ्या. ज्याला आपण आज टापटीप म्हणतो तो या कामात केवळ स्वभावाचा गुण नव्हता. परशुरामाचा पिवळा पितांबर दहा वर्षांनी पिवळाच राहावा की मळकट तपकिरी व्हावा, याचा निर्णय त्या करवंट्या कोणी कशा मांडल्या यावर होत असे. त्यात पुन्हा एकशेवीस पत्त्यांची पाठ एकाच छटेची असावी लागे, कारण पाठ ओळखू आली तर खेळच संपला. एका जोडासाठी लागणारी लाख एकाच वेळी कालवून ठेवली पाहिजे, हा हिशेब त्यातून निघतो. आणि जोडातला एक पत्ता हरवला तर त्याची भर घालण्यासाठी पूर्वीचीच छटा पुन्हा साधावी लागते, जे बहुधा साधत नाही. पुऱ्या जोडासाठी सरकत्या झाकणाची लाकडी पेटी असे, आणि तीही चिताऱ्याच्याच हातची रंगविलेली. ज्या कलेत वस्तू ठेवण्याचे साधन वस्तूइतक्याच प्रेमाने चितारले जाते, त्या कलेतील लोकांना घडविणे आणि ठेवणे यांत उच्चनीच वाटत नसावे.

कागदाचे तंत्रही याच मार्गाने जाते. मुहंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीस आणली, तेव्हा त्याच्या लवाजम्याबरोबर कागदी मंडळी आली आणि कागजीपुऱ्यात स्थायिक झाली, अशी परंपरा आहे. दौलताबादी कागद पुढे मराठी दप्तरांतही मान्यता पावला. चिंध्या, जुने दोर, तागाच्या गोण्या हा त्याचा कच्चा माल. त्या निवडाव्यात, चुन्याच्या पाण्यात मुरवाव्यात, पायाने चालणाऱ्या ढेकीखाली कुटाव्यात, धुवाव्यात, आणि मग हौदातून गवती काड्यांच्या चाळणीने ताव उचलावा. ताव उचलण्याचे कौशल्य डोळ्यांत भरते म्हणून पाहुणा तेथेच उभा राहतो. निवडणारी बाई कोपऱ्यात बसलेली असते. तिच्या हातून एक रंगीत चिंधी किंवा एक बटण निसटले की ताव डागळतो, आणि दोष मात्र उचलणाऱ्याच्या माथी येतो.

शिवकालीन राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने आणि बारा महाल सांगितले आहेत. त्या कारखान्यांत अंबरखाना, जामदारखाना, फरासखाना, दारूखाना, दफ्तरखाना ही नावे आहेत आणि महालांत कोठी आहे. धान्य, वस्त्रे, तंबू, दारूगोळा, कागद यांची राखण आणि त्यांवरचे काम एकाच छपराखाली, एकाच अंमलदाराच्या जबाबदारीवर चालत असे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडावरील दारू ठरावीक मुदतीने बाहेर काढून वाळवावी आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावी, इतका बारीक तपशील राजनीतीच्या ग्रंथात घालणे लेखकाला कमीपणाचे वाटले नाही. दरबारी आश्रयाचा खरा अर्थ आमच्या मते हाच होता. बक्षीस, शालजोडी आणि वाहवा यांची वर्णने बखरकार करतात. पण चिताऱ्याला त्याहून मोलाचे होते ते असे की हिंगूळ संपण्यापूर्वी कोणी तरी तो मागविलेला असे, लाख कुलपात असे, आणि सामान किती आले, किती खर्च झाले, शिल्लक किती याचा जमाखर्च लिहिणारा कारकून निराळा असे.

आश्रय सुटला तेव्हा सुटले ते हेच. विलायती छापील पत्ते, बेल्जियमच्या तुर्नहाउटसारख्या गावांतून आणि लंडनच्या कारखान्यांतून, स्वस्त दराने बाजारात आले. बावन्न पानांचा जोड खिशात मावे आणि फाटला तर फेकून देता येई. गंजिफांचा पाडाव या स्पर्धेने झाला असे सर्वच लिहितात व ते खोटे नाही. परंतु याच काळात चितारी स्वतःचाच कोठावळा झाला, हे कोणी लिहीत नाही. सावकाराकडून उधार रंग आणावा, जेवढा आणला तेवढ्यात काम भागवावे, गिऱ्हाईक सांगेल तेव्हाच जोड करावा, आणि एरवी लाकडाची फळे-भाज्या रंगवून पोट भरावे, अशी स्थिती आली. दरबारी कलमाचे, म्हणजे राजेरजवाड्यांसाठी काढलेले, हस्तिदंती पत्ते तर केव्हाच गेले. बाजार कलमाची, म्हणजे सामान्य गिऱ्हाइकांसाठीची, जी कामे उरली त्यांत रेषा जाड झाली, तपशील गळाला, रंगांची संख्या घटली. याला कलेचा ऱ्हास म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हाला त्यात रिकामे फडताळ दिसते.

विसाव्या शतकातील दोन प्रयत्न या दृष्टीने बोधप्रद आहेत. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ साली स्थापन झाल्यावर हातकागदाच्या प्रश्नात के. बी. जोशी यांनी लक्ष घातले, आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. जोशींनी कागद ‘कसा सुंदर होईल’ यापेक्षा ‘रोज सारखा कसा होईल’ याचा विचार अधिक केला, आणि सारखेपणाचे मूळ चिंध्यांच्या निवडीत आहे. तेथे पुढे निमंत्रणपत्रिका आणि भेटकार्डेही होऊ लागली. लग्नसराईत ती चाळणाऱ्यांना कार्डाच्या पोतामागे निवडलेल्या सुती चिंध्यांचे गठ्ठे आहेत याची कल्पना नसते, आणि नसली तरी बिघडत नाही.

दुसरा प्रयत्न सावंतवाडीचा. १९७०च्या सुमारास गंजिफा काढणारे हात मोजकेच उरले होते. तेथील राजघराण्याचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला उचलून धरली. राणीसाहेबांनी स्वतः वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, आणि सावंतवाडी लॅकरवेअर्स या नावाने काम सुरू झाले. राजवाड्याच्या दरबार दालनात कारागीर बसून पत्ते रंगवितात हे दृश्य प्रवाशांना रमणीय वाटते. आम्हाला त्यातील व्यवस्था अधिक मोलाची वाटते: बसायला जागा सुरक्षित, रंग आणि लाकूड आणण्याची जबाबदारी वाड्याची, तयार माल ठेवण्याचे आणि विकण्याचे ठिकाण तेच. अधिकार गेल्यानंतर त्या घराण्याने एक कारखाना पुन्हा उघडला, असेच म्हणावयाचे.

मराठवाड्यात असा वाडा नव्हता. निजामाच्या अमलात नांदेड जिल्ह्याचे तोंड हैदराबादेकडे होते. निर्मळच्या नक्काशांनाही तिकडूनच आश्रय मिळाला, आणि त्यांचे आजचे नाव खेळण्यांसाठी व चित्रांसाठी आहे, गंजिफांसाठी नाही. अर्धापुरात मात्र सध्या एक कच्चा माल असा आहे की त्याच्याकडे पाहून ही सारी चर्चा आठवल्याशिवाय राहत नाही. केळीचा घड उतरला की खोड निरुपयोगी म्हणून बांधावर पडते. त्याच्या पातींतून लांब, चिवट धागा निघतो आणि त्याचा उत्तम हातकागद होतो. देशात अन्यत्र तो केला जातो. अडचण एवढीच की खोडात पाणी फार. तोडल्यावर थोड्याच दिवसांत धागा काढून, धुऊन, सावलीत वाळवून गठ्ठे बांधले नाहीत तर तो सडतो. आणि तोड तर एकदम सुरू होते, त्या वेळी मजूर, वाहने, व्यापारी सारे घडांच्या मागे असतात. तेव्हा कागद कोण करील हा प्रश्न या गावापुरता नंतरचा. खोडे तुटतील त्या पंधरवड्यात ती कोणाच्या पडवीत जातील, धाग्याची प्रतवारी कोण लावील आणि पुढच्या तोडीपर्यंत गठ्ठे उंदरा-वाळवीपासून कोण राखील, याचा बंदोबस्त आधी झाला पाहिजे.