मॅलरीचा पोशाख : एका रूढ समजुतीची परीक्षा

एव्हरेस्ट शिखराच्या रोखानें इ. स. १९२१, १९२२ व १९२४ या सालीं ज्या तीन ब्रिटिश मोहिमा गेल्या, त्यांतील लोकांच्या पोशाखासंबंधानें एक समजूत फार दिवस रूढ आहे. ती अशी कीं, हे लोक शिकारीस किंवा सहलीस निघाल्याप्रमाणें लोकरीचा कोट, आखूड चोळणा, पायांस पट्ट्या व गळ्यास मफलर एवढ्या सरंजामावर जगांतील सर्वांत उंच पर्वत चढूं गेले. त्यांचें धैर्य मोठें, परंतु तयारी पोरकट. आणि ८ जून १९२४ रोजीं जॉर्ज मॅलरी व अँड्र्यू आयर्व्हिन हे जे वर गेले ते परत आले नाहींत, त्याचें एक कारण ही अपुरी वस्त्रेंच होत. या समजुतीस आधार कोणता, तो कितपत टिकतो, आणि लोकरीच्या वस्त्रांनीं हिमप्रदेशांतील या साहसी खेळांत खरोखर काय केलें व काय केलें नाहीं, एवढें पाहाण्याचें या लेखांत योजिलें आहे.

विषय वस्त्रांचा असला तरी तो क्षुल्लक नाहीं. मृतांवर अविचाराचा दोष ठेवावयाचा तर तो पुराव्यानें ठेवला पाहिजे. आणि ज्यांनीं तीं वस्त्रें विणलीं व शिवलीं, त्यांच्या कसबाविषयींहि वाचकांनीं चुकीचें मत बाळगूं नये.

(१) समजुतीचा उगम

या समजुतीचें मूळ शोधूं गेल्यास तें बहुतेक छायाचित्रांत सांपडतें. मोहिमांचीं जीं समूह-चित्रें प्रसिद्ध आहेत, त्यांत ही मंडळी ट्वीडचे कोट व विणलेले स्वेटर घालून, डोक्यावर निरनिराळ्या तऱ्हेच्या टोप्या चढवून बसलेली दिसते. असें एक चित्र पाहून बर्नार्ड शॉ यानें, आयर्लंडच्या पश्चिमेस कॉनेमारा येथें वनभोजनास गेलेली मंडळी अवचित हिमवादळांत सांपडावी तशी ही दिसते, अशा अर्थाचा विनोद केल्याचें सांगतात. विनोद लोकांच्या तोंडीं बसला, आणि कालांतरानें त्यासच पुराव्याची प्रतिष्ठा आली.

यांत मौजेची गोष्ट अशी कीं, खुद्द शॉ हा लोकरीच्या पोशाखाचा एके काळचा कट्टा पुरस्कर्ता होता. स्टुटगार्टचा प्राणिशास्त्रज्ञ गुस्टाव्ह येगर यानें वनस्पतिजन्य कापड वर्ज्य करून अंगालगत केवळ लोकर वापरावी असा पंथ काढला होता. लुइस टॉमलिन यानें त्याचा लंडनांत प्रसार केला व १८८४ सालीं त्याच्या नांवाचें दुकान काढलें. त्या पंथाचा लोकरी पोशाख १८८५ पासून शॉ अंगावर मिरवीत असे. येगरची उपपत्ति अर्धी अनुभवाची व अर्धी भ्रमाची होती. कापूस व ताग यांविषयींचें त्याचें भय शास्त्रास मान्य झालें नाहीं. परंतु थंडींत अंगालगत लोकर असावी हा त्यांतील अनुभवाचा भाग टिकला, आणि दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या स्कॉट व शॅकल्टन यांच्या मोहिमांनीं येगरचीं लोकरी वस्त्रें बरोबर नेलीं.

आतां छायाचित्राच्या प्रामाण्याचा विचार करूं. छायाचित्र खोटें बोलत नाहीं हें खरें. पण तें ज्या स्थळाचें व ज्या घटकेचें असतें तेवढ्यापुरतेंच खरें बोलतें. हीं समूह-चित्रें तळावरील आहेत. १९२२ व १९२४ या सालचा मुख्य तळ रोंगबुक हिमनदीच्या तोंडाशीं, सुमारें १६,५०० फुटांवर होता. तेथून शिखर आणखी साडेबारा हजार फूट उंच राहतें. दरबाराच्या चित्रांत सरदार ज्या पोशाखांत बसलेला दिसतो त्याच पोशाखांत तो खिंडींत लढला, असें अनुमान कोणी काढूं लागल्यास आपण तें मान्य करणार नाहीं. एव्हरेस्टवीरांच्या बाबतींत मात्र हेंच अनुमान बेधडक काढण्यांत आलें आहे.

(२) समकालीन लेखी पुरावा

१९२४ च्या मोहिमेचा नायक कर्नल एडवर्ड नॉर्टन हा ४ जून रोजीं प्राणवायूचीं नळकांडीं न घेतां २८,१२६ फुटांपर्यंत चढला. नळकांड्यांवांचून याहून अधिक उंच गेल्याचें निश्चित प्रमाण १९७८ सालीं मेसनर व हाबेलर यांनीं शिखर गांठीपर्यंत मिळत नाहीं. त्या दिवशीं अंगावर काय काय होतें तें नॉर्टननें मोहिमेच्या वृत्तांतांत स्वतः नमूद करून ठेविलें आहे. अंगालगत जाड लोकरी बंडी व चोळणा. त्यावर जाड फ्लॅनेलचा सदरा. त्यावर दोन स्वेटर. त्यावर गॅबर्डीनचा पोशाख, ज्याच्या चोळण्यास आंतून पातळ फ्लॅनेलचें अस्तर. आणि सर्वांवर वाऱ्यास दाद न देणाऱ्या अतिशय हलक्या गॅबर्डीनचा सैल झगा व पायजमा. पायांस मऊ काश्मिरी पट्ट्या, व चामड्याच्या तळाचे, विरळ खिळे मारलेले नमद्याचे बूट. हातांत लोकरीचे बिनबोटी मोजे व त्यांवर गॅबर्डीनचे तसलेच मोजे. डोक्यास केसाळ अस्तराचें चामडी शिरस्त्राण, आणि गळ्याभोंवतीं एक प्रचंड लोकरी मफलर.

ही यादी वाचतां दोन गोष्टी लक्षांत येतात. पहिली, एकच जाड वस्त्र न घालतां अनेक पातळ वस्त्रें एकावर एक घालण्याची पद्धत येथें पूर्णपणें अवगत आहे. दुसरी, आंत लोकर व बाहेर घट्ट विणीचें कापड अशी कामाची वांटणी ठरलेली आहे. लोकर आपल्या कुरळ्या तंतूंमध्यें हवा धरून ठेवते व तीच ऊब. परंतु वारा तींतून सहज आरपार जातो व ती हवा उडवून नेतो. यास्तव वाऱ्यास अडविणारें बाह्य वस्त्र लागतें. गॅबर्डीन हें कापड बेसिंगस्टोकच्या टॉमस बर्बेरी यानें १८७९ सालीं सिद्ध केलें. त्याचें सूत विणण्यापूर्वींच जलरोधक करीत असल्यामुळें तें हलकें राहूनहि पाऊसवारा अडवी. सारांश, तळावरील ट्वीडचा कोट हा या लोकांचा गिर्यारोहणाचा पोशाख नव्हेच.

(३) अस्सल साधन

लेखी पुरावा नॉर्टनचा आहे. मॅलरीच्या अंगावर काय होतें हें त्यावरून निश्चित होत नाहीं. तें निश्चित करणारें साधन पाऊणशें वर्षांनीं हातीं आलें. १ मे १९९९ रोजीं कॉनरॅड अँकर या अमेरिकन गिर्यारोहकास उत्तर बाजूच्या उतारावर, सुमारें २६,७६० फुटांवर, एक शव पालथें पडलेलें आढळलें. शोधपथकाची अपेक्षा आयर्व्हिन सांपडेल अशी होती. त्यामुळें प्रथम तें त्याचेंच मानलें गेलें. परंतु गळपट्टीच्या आंतील बाजूस ‘जी. मॅलरी’ असें नांव असलेली चिठ्ठी शिवलेली निघाली, व गोडॅल्मिंग गांवच्या डब्ल्यू. एफ. पेन या दुकानदाराचें नांवहि मिळालें. मॅलरी पूर्वीं गोडॅल्मिंग येथील चार्टरहाउस शाळेंत शिक्षक होता. म्हणजे शवाची ओळख पटविली ती प्रथम वस्त्रांनीं. पुढें सप्टेंबर १९२४ नव्हे, तर शंभर वर्षांनंतर सप्टेंबर २०२४ मध्यें, मध्य रोंगबुक हिमनदीवर एक बूट व त्यांत पाऊल सांपडलें; तेथेंहि मोज्यावर शिवलेल्या पट्टीवर ‘ए. सी. आयर्व्हिन’ हीं अक्षरें होतीं.

मॅलरीच्या पाठीवरील वस्त्रें ऊन व वारा यांनीं झिजून नाहींशीं झालीं होतीं. परंतु शव पालथें असल्यामुळें छातीखालचीं राहिलीं. त्या तुकड्यांवरून थर मोजतां आले. सुती व रेशमी अंतर्वस्त्रें, फ्लॅनेलचा सदरा, लोकरीचे विणलेले स्वेटर, लोकरी चोळणा, पायांस पट्ट्या, व वर गॅबर्डीन. नॉर्टनच्या यादीशीं याचा मेळ बसतो. विशेष म्हणजे येथें रेशीम अधिक आहे. समकालीन लेख व प्रत्यक्ष वस्तु हीं दोन स्वतंत्र साधनें अशीं एकमेकांस पुष्टि देतात, तेव्हां छायाचित्रावरून बांधलेला तर्क सोडून देणें भाग आहे.

(४) प्रयोगाची साक्ष

एवढ्यावर न थांबतां इंग्लंडांत या तुकड्यांचा धागान् धागा तपासण्यांत आला. लँकेस्टर विद्यापीठाच्या प्रा. मेरी रोझ व माइक पार्सन्स यांनीं या कामीं पुढाकार घेतला, आणि त्याबरहुकूम नवा पोशाख तयार करण्यांत आला. सूत कोणत्या जाडीचें, वीण किती घट्ट, शिवण कोठें, हें सर्व मूळाप्रमाणें ठेवण्यांत आलें. १९२४ च्या मोहिमेंतील हॉवर्ड सॉमरवेल याच्या नात्यांतील ग्रॅहम हॉयलंड यानें २००६ सालीं हा पोशाख एव्हरेस्टच्या उत्तर बाजूस अंगावर घालून पाहिला.

अनुभव असा आला कीं, पोशाख अपेक्षेहून हलका, उबदार व सुटसुटीत आहे. लोकरीवर लोकर घासली असतां थर एकमेकांस धरून ठेवतात व हात उचलणें जड जातें. मध्यें रेशीम असल्यास ते निसटते राहतात. रेशमाची योजना केवळ ऊब किंवा चैन यांकरितां नसून हालचालीकरितांहि उपयोगी होती, हें वस्त्र घातल्यावांचून कळण्यासारखें नव्हतें. परंतु त्याच बरोबर हेंहि ठरलें कीं, हा पोशाख चालत्या माणसाचा आहे. त्यावर उघड्यावर रात्र काढणें शक्य नाहीं.

(५) लोकरीचें सामर्थ्य व तिची मर्यादा

आपल्याकडे धनगर भर पावसांत घोंगडीची खोळ करून मेंढरांमागें उभा असतो; घोंगडी वरून भिजते, जड होते, पण आंत ऊब राहते. त्याचें कारण लोकरीच्या घडणींत आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारें एकतृतीयांश बाष्प तंतूंच्या पोटांत घेऊनहि स्पर्शास ओली लागत नाहीं, आणि तें शोषतांना थोडी उष्णता बाहेर टाकते. सुती कापड ओलें झालें कीं अंगास चिकटतें व हवेचा थर नाहींसा होतो; लोकरीचा कुरळा तंतु ओल्या स्थितींतहि पुष्कळसा उभा राहतो. गिर्यारोहणांत खरा शत्रु केवळ बाहेरची थंडी नसून आंतला घामहि असतो. चढतांना घाम येतो, थांबतांच तो गार होतो. या संधिकाळांत लोकर जें करते तें त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याहि विणलेल्या कापडास साधत नव्हतें.

परंतु शरीर जी उष्णता उत्पन्न करतें ती राखणें एवढेंच वस्त्राचें काम आहे. चालणारा माणूस पुष्कळ उष्णता उत्पन्न करतो, थांबलेला फार थोडी. चालत्याला पुरेसें असलेलें वस्त्र थांबलेल्याला अपुरें पडतें. याचा उपाय त्या काळीं ठाऊक नव्हता असेंहि नाहीं. १९२२ च्या मोहिमेंत जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञानें फुग्याच्या कापडाचा, बदकाच्या मऊ पिसांनीं भरलेला कोट स्वतःकरितां करवून आणला होता. सोबत्यांनीं प्रथम त्याची थट्टा केली. पुढें वारा सुटल्यावर तोच हेव्याचा विषय झाला. त्याच फिंचनें जॉफ्री ब्रूस याच्यासह, प्राणवायूच्या साह्यानें, २७ मे १९२२ रोजीं सुमारें २७,३०० फूट उंची गांठली. १९२४ च्या मोहिमेंत फिंचला घेतलें नाहीं, व त्याचा कोटहि सर्वांच्या अंगावर आला नाहीं. त्या मोहिमेच्या पोशाखांत खरी उणीव असेल तर ती ही. लोकर चुकली नाहीं; मुक्कामाच्या वेळीं लोकरीवर घालावयाचें वस्त्र नव्हतें.

दुसरी उणीव पायांची. खिळे ठोकलेल्या चामडी बुटांत खिळेच बाहेरची थंडी आंत नेतात. मोहिमेंतील चर्मकार मानबहादूर याचीं दोन्ही पाउलें घोट्यांपर्यंत हिमदंशानें गेलीं व तो दगावला. इतरांचे बूट दुरुस्त करणारा माणूस पायांच्याच दुखण्यानें मरावा ही गोष्ट, पोशाखाच्या स्तुतीच्या भरांत विसरली जाऊं नये. मोहिमेनें तळावर उभारलेल्या स्मृतिशिलेवर मॅलरी व आयर्व्हिन यांच्याबरोबर त्याचेंहि नांव कोरलें होतें. पोशाखाच्या चर्चेंत मात्र तें क्वचितच निघतें.

राहिला मॅलरीच्या मृत्यूचा प्रश्न. ८ जून रोजीं दुपारीं १२-५० वाजतां नोएल ओडेल यानें दोघांस अखेरचें पाहिलें. दोन वाजण्याच्या सुमारास हिमाचें वादळ सुटलें. शवाच्या कमरेभोंवतीं दोर आवळल्याच्या खुणा होत्या व उजवा पाय बुटाच्या वर मोडलेला होता. म्हणजे तो पडला, हें शवच सांगतें. पाय मोडून त्या उंचीवर पडलेल्या माणसास त्या काळच्या कोणत्याहि वस्त्रानें सकाळपर्यंत जिवंत ठेवलें असतें, असें म्हणवत नाहीं. त्याच्या पडण्याचा दोष वस्त्रांवर घालण्यास पुरावा नाहीं.

(६) निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ट्वीडच्या कोटांत एव्हरेस्टवर चढूं गेल्याची कथा तळावरील छायाचित्रांवर उभी आहे व ती टाकून दिली पाहिजे. दुसरी, १९२४ चा चढाईचा पोशाख विचारपूर्वक योजिलेला होता. बऱ्या हवेंत, दिवसाच्या चढाईस तो पुरेसा होता. तिसरी, तो मुक्कामास व अपघातास पुरेसा नव्हता, पायांस तर मुळींच नव्हता. आणि ज्यानें तें ओळखलें होतें त्या फिंचचें ऐकण्यांत आलें नाहीं. चौथी, लोकर या पर्वतावरून पुढेंहि हद्दपार झाली नाहीं. २९ मे १९५३ रोजीं हिलरी व तेनसिंग शिखरावर पोंचले तेव्हां वर पिसांचीं व वायुरोधक वस्त्रें होतीं, पण त्यांखालीं लोकर होतीच. आणि कृत्रिम धाग्यांच्या आजच्या काळांतहि मेरिनो मेंढीची बारीक लोकर अंगालगत घालणारे गिर्यारोहक पुष्कळ आहेत.

मानबहादूर व त्याच्यासारखे जे भारवाहक त्या उतारांवर राबले, त्यांस प्रत्यक्ष कोणतीं वस्त्रें व कसले बूट मिळाले, याचा तपास मोहिमांच्या हिशेबी कागदांवरून व्हावयास हवा. साहेबांच्या पोशाखाचा निर्णय लागला तरी या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तोंवर उघडाच राहील.