तळटीप : पोळी-भाजी केंद्र

* मजकुरात सोनपेठ या तालुक्याच्या गावाच्या संदर्भात आलेले ‘पोळी-भाजी केंद्र’ शहरी चैनीचे लक्षण समजू नये. शिजवलेले अन्न विकत घेण्याची रीत महाराष्ट्रात कष्टकऱ्यांच्या गरजेतून रुजली. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना खाणावळवाल्या बायका महिन्याच्या बोलीवर जेवण देत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापून अशा बायकांना बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. पुढे युती सरकारची एक रुपयातली झुणका-भाकर आणि २०२० साली सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी यांतून शासनानेही ही गरज मान्य केली.

यावर आक्षेप येतो, की घरोघर चूल पेटते अशा गावात भाकरी विकत कोण घेणार? पण तालुक्याच्या गावी बदलून आलेला कर्मचारी, खोली घेऊन राहणारा विद्यार्थी आणि तहसीलच्या कामासाठी दिवसभर अडकलेला शेतकरी यांची चूल तिथे नसते. विकतच्या अन्नाच्या स्वच्छतेची शंका रास्त आहे. म्हणूनच अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लहान विक्रेत्यालाही नोंदणी सक्तीची करतो. या धंद्याने घरचा स्वयंपाक मोडतो, हे म्हणणे मात्र टिकत नाही. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून भाकरी थापायला मुरलेला हात लागतो. घरात फुकट गृहीत धरलेल्या त्या कसबाला इथे दाम मिळतो. वाचकांनी हा उल्लेख बाईच्या श्रमाचे मोल म्हणून वाचावा. — संपादक